छाया : पुंडलिकराव उमाटे

पुंडलिकराव उमाट्यांना वर्ध्यात सगळे ओळखत, पण त्यांचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. वीज कचेरीतल्या बिलाच्या खिडकीमागं त्यांचे केस पिकले. ती खिडकी कोण्या शहाण्यानं इतकी खाली बांधली होती, की बाहेरच्याला आतल्या माणसाचा हात, हातातला शिक्का आणि फार तर सदऱ्याचं एखादं बटण दिसावं. त्यामुळे गावाच्या लेखी ते होते 'लाइटवाले'. भाजीबाजारात भेटले तरी लोक म्हणत, "काय जी लाइटवाले, बिल लय आलं या महिन्यात!" जणू हा गृहस्थ गावाबाहेरच्या सिंदी मेघे वस्तीतल्या आपल्या घरी कंदील लावून लोकांची बिलं फुगवत बसला होता. कहर झाला तो पोरीच्या लग्नात. भटजींनी वधूपित्याला बोलवा म्हटलं आणि मांडवातून कोणीतरी ओरडलं, "अरे, त्या लाइटवाल्याले धाडा बोहल्यावर!" तर आला कोण? मांडवातले बल्ब लावणारा माणूस. पाटावर बसता बसता राहिला तो, नाहीतर कन्यादान त्याच्याच हातून व्हायचं.

माणसानं किती सोसावं? पुंडलिकरावांची मागणी काही मोठी नव्हती. पुतळा नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ तर नकोच नको, कारण वर्ध्यात ते कोणालाही देतात. आपलं नाव कुठंतरी छापलेलं असावं, चार भिंतींवर दिसावं, आणि ते वाचून कोणीतरी म्हणावं, 'हे उमाटे ते हेच का?' बस्स, एवढंच. बायकोला, म्हणजे शकुंतलाबाईंना, ते हे पुन्हा पुन्हा सांगत आणि ती पुन्हा पुन्हा म्हणे, "मंग रेशन कार्डावर आहे ना तुमचं नाव. ते लावा भिंतीले."

मेन रोडच्या व्यापारी मंडळाचं दरवर्षी कॅलेंडर निघे. पूर्वी त्यावर लक्ष्मी असायची. अध्यक्ष नानाजी कापडवाले, त्यांच्या डोक्यात आलं, की देव काय, सगळ्यांच्याच कॅलेंडरवर असतो. आपण दिवाळीच्या रोषणाईत न्हालेला आपला मेन रोड छापू. काम अर्थातच महादेवराव फोटोवाल्यांना दिलं, कारण गावात स्टुडिओ त्यांचाच. महादेवराव पासपोर्टच्या फोटोत पटाईत. पण रात्रीचा मेन रोड काही स्टुलावर येऊन बसत नाही आणि हनुवटी वर करा म्हटलं तर करत नाही. फोटो आला तो असा, की सगळे दिवे एकमेकांत कालवलेले आणि समोर फक्त एका बैलाचा मागचा भाग स्वच्छ. खाली ठळक अक्षरांत 'छाया : महादेवराव'. ते कॅलेंडर वर्षभर सगळ्या गावात टांगलेलं होतं. पुंडलिकराव रोज ते पाहत आणि रोज जळत. बैलाच्या शेपटाखाली का होईना, पण त्या माणसाचं नाव घरोघर होतं!

आणि रात्रीचा फोटो हे तर पुंडलिकरावांचं खास काम. निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरनं जाता जाता आपला जुना डबडा कॅमेरा त्यांना देऊन टाकला होता. पंधरा ऑगस्टला कलेक्टर कचेरी, सव्वीस जानेवारीला रेल्वे स्टेशन, जिथं म्हणून सरकार बल्बच्या माळा लावी तिथं पुंडलिकराव संध्याकाळी हजर. रात्रीच्या फोटोचं गुपित त्यांना सापडलं होतं. कॅमेऱ्याचं तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढा वेळ कॅमेरा केसभरही हलू द्यायचा नाही. मग अंधारातली इमारत अशी उजळून येते, की ती रोज पाहणाऱ्यालाही ओळखू येऊ नये. तर ही फोटोंची वही घेऊन पुंडलिकराव नानाजींच्या गादीवर गेले आणि म्हणाले, यंदाचं कॅलेंडर मी काढतो. नानाजींनी वही चाळली आणि म्हणाले, "काढा ना बाप्पा. नाव छापू तुमचं, पूरं छापू. पन एक सांगतो लाइटवाले, बैल नोको."

ही बातमी सिंदी मेघेत पोचली आणि सल्ल्यांना ऊत आला. शेजारी प्रभाकरराव, शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. जगातल्या सगळ्या कलांवर त्यांचं मत तयार असे आणि ते मागावं लागत नसे. ते कुंपणावरून म्हणाले, "फोटोत मानूस पाह्यजे, पुंडलिकराव. बिनमानसाचा फोटो दोनच जागी काढतेत, पंचनाम्यात अन् जप्तीत. मी उभा राहीन मधात." पलीकडच्या रुख्माबाईंनी सांगितलं, की दिवाळीच्या दिव्याचा फोटो काढू नये, लक्ष्मी त्या डबीत कोंडल्या जाते. कॅमेऱ्याला स्टँड नव्हता. पुंडलिकरावांनी गावाकडून भावाच्या खळ्यातली उंच तिपाई आणवली, वाऱ्यावर धान्य उडवायला शेतकरी जिच्यावर उभा राहतो ती. तिच्यावर कॅमेरा ठेवून सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधला. शकुंतलाबाई म्हणाल्या, "आता कोनी पाह्यलं तं म्हनंल, मानूस सरकारी मोजनीले आला." बाई खरं बोलत होत्या, पण बायकोचं खरं बोलणं वेळेवर कानात गेलं असतं तर पुरुषांच्या निम्म्या गोष्टी घडल्याच नसत्या, आणि मग आम्ही तरी काय सांगितलं असतं.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पुंडलिकराव तालमीसाठी मेन रोडवर आले. रोड असा काही झगमगत होता, की वा! दुकानादुकानावर माळा, कमानी, फिरती चक्रं. त्यांनी चौकात तिपाई मांडली, डोकं खाली घातलं, डोळा लावला आणि समोरचं भांड्यांचं दुकान विझलं. होतं असं कधी कधी. त्यांनी कॅमेरा मिठाईच्या दुकानाकडं वळवला. मिठाई विझली. चपलांचं दुकान तर त्यांनी नुसतं पाहिलं आणि तेही विझलं. बघता बघता अख्खा मेन रोड काळाठिक्कर झाला, आणि त्या अंधारात गिऱ्हाइकांची बोंबाबोंब सुरू झाली.

आता वीज कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला काय वाटणार? लाइन गेली! पुंडलिकराव तिपाई खांद्यावर टाकून तडक आपल्याच कचेरीत गेले. तक्रारीच्या टेबलावर किसनराव होते, रोज शेजारी बसून डबा खाणारे.

"मेन रोडची लाइन गेली, किसनराव. पयले लिहून घ्या."

"ग्राहक नंबर सांगा."

"अरे, मी पुंडलिक! अख्खा मेन रोड गेला ना!"

"मंग अख्ख्या मेन रोडचा नंबर सांगा," किसनराव पेन न उचलता म्हणाले. "बिननंबरी तक्रार मले घेता येत नाई. तुमीच खिडकीवर लोकाले असं सांगता, मंग?"

शेवटी किसनरावांनी गच्चीवर जाऊन पाहिलं आणि हाक मारली, "या इकडं. हे काय आहे मंग, तुमचं लगन?" मेन रोड दुरून लखलखत होता. पुंडलिकराव धावत परत गेले. ते चौकात शिरले तसा पुन्हा विझला. पुन्हा कचेरीत आले, तर पुन्हा लखलखाट. तिसऱ्या खेपेला किसनरावांनी हात जोडले आणि खोट्या तक्रारीची नोंद मात्र नियमाप्रमाणं केली.

खरा प्रकार त्यांना तानबाच्या चहाच्या टपरीवर कळला. तानबानं कपबशी पुढं सरकवली आणि आजूबाजूला बघून म्हणाला, "काऊन गरिबाच्या दिवाळीवर उठले जी तुमी? मानसं तुमच्याले भिऊन लाइट बंद करून राह्यले. ते म्हनते, लाइटवाल्यानं दुर्बीन आनली, खांबावरचे आकडे मोजून राह्यला."

इथं आकड्याचं थोडं सांगायला हवं. दिवाळीच्या रोषणाईसाठी वेगळी जोडणी घ्यावी, अर्ज करावा, रीतसर मीटर लावावं, असा नियम होता, आणि तो नियम मोडायचा असा त्याहून जुना नियम होता. तारेचा एक वाकडा आकडा करून खांबावरच्या लाइनीत अडकवला, की झाली दिवाळी. घरची लक्ष्मी मीटरातून कशाला जाऊ द्यायची? यात कोणाला पाप वाटत नव्हतं. हेच लोक लक्ष्मीपूजनाला सोवळं नेसून बसत. आणि पुंडलिकरावांनाही हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांचं काम बिलाच्या खिडकीचं. खांबावर काय लटकतं ते बघायला दुसरी माणसं होती, आणि ती माणसं दिवाळीत नेमकी रजेवर असत.

आपल्याला लोकांनी चुगलखोर समजावं हे पुंडलिकरावांना फार लागलं. जन्मात कोणाची चहाडी केली नाही, आणि आता म्हातारपणी हे! ते नानाजींकडं गेले. नानाजींनी लगेच रिक्षावर भोंगा लावून गावभर ओरडवलं, 'मेन रोडचा फोटो फक्त कॅलेंडरसाठी आहे, कोणीही घाबरू नये!' झालं. ज्यांना आतापर्यंत काही माहीत नव्हतं तेही घाबरले. सरकार 'घाबरू नका' म्हणालं की काय करायचं हे आणीबाणीपासून लोकांना पाठ झालं होतं.

मग पुंडलिकराव साहेबांकडं गेले, की मी कामावर नसून खाजगी फोटो काढतो आहे असा दाखला द्या. साहेब पुण्याकडचे, नवे, हुशार, आणि म्हणून धोक्याचे.

"तुम्ही कामावर नाही, असा दाखला?" साहेब म्हणाले. "उमाटे, तुम्ही कामावर आहात असाही दाखला मी कधी छातीठोकपणे देऊ शकलो नाही." आणि मग चष्मा काढून, "पण तुम्हाला पाहून लोक दिवे का बंद करतात?"

पुंडलिकरावांनी सुचेल ते सांगितलं. "लाजतेत, साहेब."

"लाजतात?"

"फोटोले, साहेब. आमच्याकडचे लोक भल्ले लाजाळू."

साहेबांनी "हं" केलं. साहेबलोकांचं हे 'हं' फार वाईट. त्यात काय साठलंय ते वर्षभर कळत नाही.

लक्ष्मीपूजन आलं. फोटो झाला तर आज, नाहीतर पुन्हा बैल. नानाजींच्या दुकानात पूजा मांडली होती, मेन रोडचे सगळे दुकानदार प्रसादाला जमले होते, आणि पुंडलिकराव कॅमेरा पोटाशी धरून उंबऱ्याबाहेर उभे होते. कोणी 'या' म्हणेना. शेवटी नानाजीच म्हणाले, "लाइटवाले, या पंचायसमोर दिव्याची आन घ्या. घेता?"

आमच्याकडं दिव्याची आण म्हणजे गंमत नव्हे. तळहात ज्योतीवर धरून बोललेला शब्द मोडला तर घरचा दिवा विझतो म्हणतात. पुंडलिकराव आत आले, पायातल्या वहाणा काढल्या, समईवर हात धरला आणि म्हणाले, "आज मी जे पाहीन, ते माह्या तोंडून साहेबाच्या कानावर जानार नाई. गेलं, तं हा दिवा मले पाहून घेईल." हात चांगलाच पोळला. सोबत आलेल्या शकुंतलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि मग मेन रोड पेटला म्हणा! असा उजेड वर्ध्यानं कधी पाहिला नव्हता. भीती गेली तशी लोकांनी लपवलेल्या माळाही बाहेर काढल्या. पुंडलिकरावांनी नानाजींच्या दुकानाच्या वरच्या सज्जात तिपाई मांडली. शकुंतलाबाई कंदील घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. पण फोटो इतक्या सुखानं काढू देतील तर ते लोक कसले? किराणावाले बापूजी कुटुंबकबिल्यासह वर आले, "पयले आमच्या दुकानाचा एक." मग मिठाईवाले. मग चपलावाले, ज्यांची सून माहेरी होती म्हणून ती येईपर्यंत थांबा म्हणत होते. नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं की पुन्हा अंधार. सगळा रोल लोकांच्या घरच्यांत गेला आणि शेवटी एकच फोटो उरला.

"आता कोनी हलू नोका!" पुंडलिकराव सज्जातून ओरडले. त्या आवाजाचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बिलाच्या खिडकीतून असा आवाज कधी निघाला नव्हता. खाली सगळे दुकानदार नव्या कपड्यांत पायऱ्यांवर ताठ उभे राहिले. रोडच्या मधोमध प्रभाकरराव कमरेवर हात ठेवून उभे, फोटोत माणूस पाहिजे म्हणून. पुंडलिकरावांनी कॅमेऱ्याचं तोंड उघडलं. अख्ख्या मेन रोडनं श्वास धरला. समोर, अगदी नाकासमोरून, विजेच्या तारा गेल्या होत्या, त्यांवरून दुकानागणिक खाली उतरलेल्या वायरी, त्या वायरींवर माळांचा उजेड. आकडे त्यांना दिसले नाहीत असं नाही. पण त्या वेळी ते वीज कचेरीचे नव्हते. त्या वेळी ते फोटोग्राफर होते, आणि त्यांना वाटलं, काय झकास तोरण आलंय वरच्या बाजूनं!

रोल धुवायला महादेवरावांच्याच स्टुडिओत द्यावा लागला. महादेवराव अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले. ओला कागद त्यांनी दोरीवर टांगला. "आलाय," एवढंच म्हणाले. आला म्हणजे काय, बाप्पा! एकेक बल्ब मोजून घ्यावा. दुकानांच्या पाट्या वाचाव्या. पायऱ्यांवरचे चेहरे ओळखावे. नाही म्हणायला प्रभाकररावांना मध्येच मच्छर चावला आणि ते अर्ध्यावर निघून गेले, त्यामुळे ते फोटोत आले, पण आरपार. त्यांच्या पोटातून मागचं चपलांचं दुकान स्वच्छ दिसत होतं. यावरून त्यांनी उमाट्यांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. निगेटिव्ह महादेवरावांकडंच राहिली, कारण छापखान्यात त्यांनाच जायचं होतं.

कॅलेंडर निघालं. खाली छापलं होतं, 'छाया : पुंडलिकराव उमाटे, वीज कचेरी, वर्धा'. कचेरीचं नाव नानाजींनी आपल्या मनानं घातलं होतं, मान म्हणून. ते दिवस पुंडलिकरावांच्या आयुष्यातले सुखाचे. कारण नसताना ते न्हाव्याकडं जात, पिठाच्या गिरणीत दळण नसताना जात, आणि भिंतीवरचं आपलं नाव वाचून येत. एकदा गिरणीवाल्यानं विचारलं, "हे उमाटे कोन जी? तुमच्या कचेरीतले दिसते." पुंडलिकराव म्हणाले, "मीच." गिरणीवाला म्हणाला, "काहीतरीच!" पण म्हणाला तरी!

आता आमच्या व्यापाऱ्यांची एक रीत आहे. कॅलेंडर निघालं, की पहिली गुंडाळी सरकारी कचेऱ्यांत. तहसील, पोलीस ठाणं, पालिका, वीज कचेरी. साहेबाच्या भिंतीवर आपलं कॅलेंडर असलं म्हणजे साहेबावर आपली नजर असते, असा समज. ही रीत मोडावी असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. नानाजी पेढे घेऊन गेले आणि साहेबांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, साहेबांना रोज दिसेल अशा जागी, स्वतःच्या हातानं खिळा ठोकून ते कॅलेंडर टांगून आले.

साहेबांनी ते महिना-दोन महिने पाहिलं. मग एका दुपारी ते खुर्चीवरून उठले, भिंतीपाशी गेले आणि शिपायाला म्हणाले, भिंग आण.

दुकानदारांना नोटिसा गेल्या. ज्यांच्या ज्यांच्या दारावर वरून वायर उतरलेली फोटोत दिसत होती त्या सगळ्यांना, आणि सगळ्यांच्याच दारावर उतरलेली होती. पाट्या वाचता येत असल्यामुळे पत्त्याची चूक होण्याचा प्रश्न नव्हता. मेन रोडवर एकच गजर झाला, लाइटवाल्यानं आण मोडली! कॅलेंडर कोणी टांगलं, हे कोणी विचारलं नाही. खिळा कोणी ठोकला, हे नानाजींना आठवत नव्हतं. किराणावाल्या बापूजींनी पुंडलिकरावांना साखर नाही म्हणून सांगितलं, पोत्यावर हात ठेवून. तानबा चहा देई, पण बोलेना. आणि प्रत्येक दुकानातल्या कॅलेंडरवर, खालच्या ओळीवर, पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली गेली. लक्ष्मीच्या जागी चुगलखोराचं नाव नको म्हणून. पुंडलिकराव रोज त्या पट्ट्या पाहत घरी येत आणि न जेवता झोपत.

प्रकरण वरच्या कचेरीत गेलं. आकडे तर दिवाळीनंतर कधीच निघाले होते. पुरावा म्हणून उरला होता तो एकच फोटो. वरून विचारणा आली, की फोटो काढणाऱ्याचा जबाब जोडा, नाहीतर कागदाला अर्थ नाही. साहेबांनी पुंडलिकरावांना बोलावलं. ते खुशीत होते.

"बसा, उमाटे. अप्रतिम फोटो आहे. खरंच सांगतो, मी इतका चांगला फोटो पाहिला नाही." साहेबांनी कागद पुढं केला. "हा आपण काढला, एवढं फक्त लिहून द्या."

पुंडलिकराव भिंतीकडं पाहत राहिले. त्यांच्या रोजच्या वाटेवर पट्टी न लावलेली दोनच कॅलेंडरं उरली होती. एक घरी आणि एक हे. आणि असं कौतुक, खुर्चीवर बसवून, आडनावानिशी, कोणी केलं होतं त्यांचं आजवर? हो म्हटलं तर समईवर धरलेला हात खोटा. नाही म्हटलं तर...

"हा फोटो माहा नाई, साहेब."

"नाव तुमचं आहे."

"छापखान्याची चुकी असंल."

"मग कोणी काढला?"

"मले काय मालूम."

"अहो, पंधरा ऑगस्टला तुम्ही मला वही दाखवली होती फोटोंची!"

"ते माह्या मेव्हन्यानं काढले होते. मी सांगतो तुमच्याले, मले कॅमेऱ्यातलं काईच समजत नाई. मले फोटो काढताच येत नाई, साहेब."

साहेबांनी पुढं केलेला कागद उलटून कोरी बाजू वर केली. मग थंडपणे म्हणाले, "तसं लिहून द्या." आणि पुंडलिकरावांनी आपल्या सुरेख अक्षरांत तसं लिहून दिलं, खाली पूर्ण सही करून. त्यानंतर साहेबांनी त्यांना बिलाच्या खिडकीवरून उचलून मागच्या शेडमध्ये जुन्या मीटरांवर बसवलं. तिथं तर शिक्काही नव्हता.

नोटिसा बारगळल्या. नानाजींनी गावभर सांगितलं, की मी मुंबईपर्यंत फोन लावला, मंत्र्याच्या माणसाला धरलं, तेव्हा कुठं साहेब वाकला. त्यांचा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ. पुंडलिकरावांना सांगता येत होतं का, की अरे बाबांनो, तुमच्यासाठी मी स्वतःच्या हातानं स्वतःला पुसलं? चार माणसांना सांगितलं असतं तर संध्याकाळी साहेबांच्या कानावर गेलं असतं, की उमाट्यानं खोटा जबाब दिला. नोकरी जायची. म्हणून ते गप्प राहिले, आणि गप्प राहिले म्हणून लोक म्हणाले, पाहा, तोंड आहे का त्याला!

गुढीपाडव्याच्या आधी शकुंतलाबाईंना घेऊन ते मेन रोडवर आले, गाठी घ्यायला. महादेवरावांच्या स्टुडिओसमोर गर्दी दिसली. काचेमागं, मोठ्या सोनेरी चौकटीत, तो फोटो होता. आता मोठा केलेला, आणखीच सुंदर. वरच्या वायरी कापून टाकल्या होत्या. प्रभाकरराव तेवढे आरपार उभे होते. आणि खाली मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं, 'छाया : महादेवराव'. महादेवराव दारात उभे राहून लोकांना सांगत होते, की रात्रीच्या फोटोले जिगर लागते, येऱ्यागबाळ्याचं काम नाई. पुंडलिकराव दिसले तसे ते सरकून चौकटीखालच्या नावाच्या आड उभे राहिले. मग सावरून म्हणाले, "या लाइटवाले, या! कचेरीतूनच आयकलं मी, तुमी तं सरकारले लिहून देल्लं ना, का तुमच्याले फोटो काढता येत नाई? मंग कोनीतरी तं काढलाच असंल!" लोक हसले.

पुंडलिकराव मान खाली घालून चालू लागले. शकुंतलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर या बाईनं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. कोणी विचारलं तर शेजारणीला खूण करायची, तिनं सांगायचं. ती बाई पदर कमरेला खोचून भर मेन रोडवर, त्या सगळ्या माणसांसमोर ओरडली,

"खोटं बोलून राह्यला हा मेला! मी सोता कंदील धरून उभी होती! हा फोटो पुंडलिकरावानं काढला! पुंडलिकराव उमाट्यानं!"

सगळा रोड वळून पाहायला लागला. पुंडलिकराव धावत मागं आले, त्यांनी बायकोचा दंड धरला आणि इकडंतिकडं बघत काकुळतीनं म्हणाले,

"हळू बोल ना वो. कोनी आयकंल."